आयसी बदलण्याआधी शेवटच्या पॅनेलवरचा व्होल्टेज मोजा

मुळशी तालुक्यात एकाच वेळी दोन हवामानं नांदतात. हिंजवडी, माण, मारुंजी या पूर्वेकडच्या गावांत पुण्यासारखाच बेताचा पाऊस, तर पश्चिमेला ताम्हिणीच्या अंगाला वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर. जुलै २०२४ मध्ये तर तिथं एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या वर पाणी पडलं. या दोन्ही टोकांना, आणि मधल्या भूगाव, पिरंगुट, पौडमध्येही, धावत्या अक्षरांचे एलईडी बोर्ड आता सर्रास दिसतात. औषधांची दुकानं, कारखान्यांची फाटकं, ग्रामपंचायतींच्या सूचना, देवळांच्या यात्रा, घाटरस्त्यावरची हॉटेलं, सगळीकडे पॅनेल जवळपास एकाच जातीचं आणि आतल्या आयसीही त्याच. तरी पावसाळा लागला की पश्चिमेकडे तक्रारींची रांग लागते आणि पूर्वेकडे ती एप्रिल-मेमध्ये लागते: अर्धा बोर्ड लुकलुकतो, अक्षरं तुटतात, एखादी ओळ कायमची पेटलेली राहते, शेवटच्या पॅनेलवर नुसता कचरा दिसतो. त्यावर ठरलेलं निदानही एकच, ‘ड्रायव्हर आयसी गेली, बदलावी लागेल.’ पण तीच आयसी एका गावी पावसात आणि दुसऱ्या गावी उन्हात बिघडत असेल, तर मूळ कारण तिच्या बाहेर असण्याची शक्यता अधिक. बोर्ड स्थिर ठेवायचा तर ड्रायव्हरला मिळणारी वीज, जमीन म्हणजे ग्राउंड, हवा आणि संदेश या चार गोष्टी आधी सुधाराव्यात. आयसीची पाळी त्यानंतर.

पॅनेलच्या पाठीवर काय बसलेलं असतं ते आधी पाहून घेऊ. आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारं पॅनेल म्हणजे एकरंगी पी-१०. नावातले १० म्हणजे दोन एलईडींमधलं अंतर, १० मिलिमीटर. पॅनेल ३२० मिलिमीटर रुंद आणि १६० उंच, म्हणजे आडवे ३२, उभे १६, एकूण ५१२ एलईडी. हे सगळे एकाच क्षणी कधीच पेटत नाहीत. त्यांचे चार गट असतात. एका वेळी एकच गट, म्हणजे १२८ एलईडी पेटतात आणि गट इतक्या झपाट्यानं बदलतात की डोळ्याला सगळं पॅनेल पेटलेलं दिसतं. या १२८ जागांची माहिती ७४एचसी५९५ या सोळा आयसी आठ-आठ करून धरून ठेवतात. कोणता गट पेटवायचा ते ७४एचसी१३८ ठरवते, त्या गटाला वीज सोडायचं काम ४९५३ सारखे जोडमॉस्फेट करतात, आणि पुढच्या पॅनेलकडे जाणारे संदेश ७४एचसी२४५ ताजे करून ढकलते. या मंडळींना लागतं काय, तर ५ व्होल्ट. ७४एचसी ही मालिका १९८० च्या दशकापासून कारखान्यांच्या यंत्रांत राबते आहे आणि २ ते ६ व्होल्टपर्यंत तिला काहीही चालतं. इतकी सोशिक वस्तू दर मोसमाला मरते असं म्हणताना थोडं थांबावं.

आता विजेचा हिशेब. समजा, एक पॅनेल पूर्ण पेटल्यावर ४ अँपिअर घेतं. (तुमच्या पॅनेलचा खरा आकडा त्याच्या पत्रकात पाहा किंवा क्लॅम्प मीटरनं मोजा, चांगला डीसी क्लॅम्प मीटर हे या धंद्यातलं सर्वांत कमी वापरलं जाणारं पण सर्वांत उपयोगी साधन.) तीन पॅनेलांचे झाले १२ अँपिअर. २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणाऱ्या एसएमपीएसपासून त्यांच्यापर्यंत २ मीटर अंतर असेल, तर जायचे २ आणि परतीचे २ असे ४ मीटर तांबं मध्ये आलं. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो, म्हणजे आपल्या ४ मीटरला ०.०५३ ओहम. गुणाकार केला की ०.६४ व्होल्ट वाटेतच संपले आणि ५ पैकी ४.३६ पोचले. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये एवढ्या घटीकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि म्हणूनच घरची वायरिंग करणाऱ्या हाताला ही चूक चूक वाटत नाही. पण ५ व्होल्टमध्ये ती जवळजवळ १३ टक्के होते. हीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.२४ व्होल्टवर येते. बरेचदा तार एसएमपीएसपासून पहिल्या पॅनेलला, पहिल्यापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशी साखळीनं नेलेली असते. तशा जोडणीत शेवटच्या पॅनेलच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांची घट येते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ‘मग एसएमपीएस मोठा टाकू, ४० अँपिअरच्या जागी ६० चा.’ गावाची टाकी दुप्पट केली पण वस्तीच्या शेवटाला जाणारी पाइपलाइन अर्ध्या इंचाचीच ठेवली, तर शेवटच्या घराच्या नळाला करंगळीएवढीच धार येणार. मोठ्या एसएमपीएसनं त्याची स्वतःची दमछाक कमी होते, तारेतली घट कमी होत नाही. दुसरा इलाज म्हणून एसएमपीएसवरचा बारीक स्क्रू फिरवून ५ चे ५.५ व्होल्ट केले जातात. शेवटचं पॅनेल उजळतं, गिऱ्हाईक खूश होतं. मात्र एकरंगी पी-१० मध्ये एलईडीचा प्रवाह साध्या रोधावर ठरतो, त्यामुळे जवळच्या पॅनेलांचे एलईडी गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतात आणि लवकर विझू लागतात. शिवाय तारेतली घट मजकुराप्रमाणे बदलते. एक ओळ सरकत असताना प्रवाह कमी, घट कमी. पूर्ण पडदा पेटला की प्रवाह जास्त, घट जास्त. स्क्रूनं सगळे आकडे वर सरकतात, पण मजकुराबरोबर होणारं त्यांचं वरखाली होणं तसंच राहतं, आणि अस्थिरता म्हणतात ती त्यालाच.

मोजायचं कसं, ते नीट सांगतो, कारण निम्म्या चुका इथंच होतात. मजकूर सरकत असताना मोजू नका. पॅनेलांना मजकूर पाठवणाऱ्या कंट्रोलरच्या ॲपमध्ये सगळे एलईडी पेटवणारा टेस्ट पॅटर्न असतो तो लावा आणि तेजस्विता १०० टक्के करा. मल्टीमीटरची टोकं एसएमपीएसच्या स्क्रूवर ठेवून समाधान मानू नका. शेवटच्या पॅनेलच्या पॉवर कनेक्टरवर, थेट पॅनेलच्या पितळी पिनांवर टेकवा. एकरंगी पॅनेलला ४.६ व्होल्टच्या वर आकडा हवा, ४.८ असेल तर उत्तम. मग एक टोक एसएमपीएसच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं पॅनेलच्या पॉझिटिव्हवर ठेवा, तसंच निगेटिव्हचंही करा. यातून कोणत्या बाजूच्या तारेत किती गेलं ते वेगवेगळं कळतं, आणि सैल स्क्रू किंवा काळा पडलेला लग असेल तर तोही तिथल्या तिथं उघडा पडतो. रंगीत पॅनेल असेल तर मीटरच्या आधी डोळाच सांगतो: लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. त्यामुळे व्होल्टेज खाली गेला की निळा-हिरवा आधी मंदावतो आणि पांढरा रंग लालसर दिसू लागतो. शेवटच्या पॅनेलवरचा पांढरा गुलाबी झालाय असं दिसलं, तर ड्रायव्हर आयसी मागवू नका, तार मागवा.

निगेटिव्हच्या बाजूकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि अक्षरं तुटण्याचं मोठं कारण तिथंच दडलेलं असतं. कंट्रोलरकडून येणारा संदेश ‘उंच’ आहे की ‘खाली’, हे पॅनेल आपल्या ग्राउंडपासून मोजून ठरवतं. कंट्रोलर एसएमपीएसच्या जवळ आणि पॅनेल बारीक तारेच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर १२ अँपिअर परत येताना पॅनेलचं ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडपेक्षा ०.३ व्होल्टनं वर उचललं जातं. मग संदेशाची उंची तेवढ्यानं घटते. म्हणून निगेटिव्हची तार पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, शक्य असेल तर जास्त. बोर्डात दोन-तीन एसएमपीएस असतील तर त्यांचे पॉझिटिव्ह एकमेकांना जोडू नका, प्रत्येकानं आपापली पॅनेलं सांभाळावीत. निगेटिव्ह मात्र सगळ्यांचे एकत्र, जाड तारेनं, जवळच्या वाटेनं बांधा. नाहीतर परतीचा प्रवाह संदेशाच्या एफआरसी केबलमधून वाट काढतो, आणि ती केसाएवढी तार एवढ्या कामासाठी केलेलीच नसते.

आता एक उफराटी गोष्ट, जिच्यामुळे अनेक हुशार मंडळीही चकतात. आजकाल स्वस्त कंट्रोलर किंवा विद्यार्थ्यांनी ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरवर बनवलेले कंट्रोलर ३.३ व्होल्टचे संदेश पाठवतात. ७४एचसी मालिकेला ‘उंच’ म्हणून खात्रीनं ओळखायला पुरवठ्याच्या सुमारे ७० टक्के लागतात. ५ व्होल्टला ३.५ व्होल्ट. ३.३ त्याच्या खाली आहे. तरी टेबलावर बोर्ड चालतो, कारण प्रत्यक्षात बहुतेक आयसी २.५ व्होल्टच्या आसपासच उडी घेतात. कंपनी हमी मात्र ३.५ ची देते. म्हणजे तुमचा बोर्ड हमीबाहेरच्या पट्ट्यात चालतो आहे. त्यात ०.३ व्होल्टचं ग्राउंड उचललं गेलं, दोन मीटरची एफआरसी केबल आली, शेजारी मोटार सुरू झाली, की अक्षरं तुटायला लागतात. पुढची गंमत पाहा: व्होल्टेज ४.६ वर घसरलेला असताना ही पातळी ३.२२ वर येते आणि बोर्ड नीट चालतो. कुणीतरी तार जाड केली, व्होल्टेज ५.१ झाला, की पातळी ३.५७ वर चढते आणि कचरा दिसू लागतो. मग निष्कर्ष निघतो की ‘जाड तारेनं बोर्ड बिघडला’. तार बरोबरच होती. तिच्यामुळे दुसरी चूक उघडी पडली. त्याचा इलाज काही रुपयांचा आहे. कंट्रोलर आणि पहिलं पॅनेल यांच्यामध्ये ७४एचसीटी२४५ बसवा. नावात एक ‘टी’ जास्त आहे, पण ही आयसी २ व्होल्टच्या वरचं सगळं ‘उंच’ मानते आणि पुढे भरघोस ५ व्होल्टचा संदेश देते. ती कंट्रोलरला चिकटून हवी, पॅनेलच्या टोकाला नको.

इथं दुकानदार म्हणेल, ‘पण साहेब, आयसी बदलली की बोर्ड चालू होतो, ते कसं?’ प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. आयसी बदलताना हॉट एअर लागते. शेजारचे आठ-दहा ड्राय सोल्डर त्या उष्णतेनं परत धरतात. पॅनेल काढताना-बसवताना एफआरसी कनेक्टर घासले जातात आणि त्यांच्यावरचा गंज निघतो. सैल स्क्रू पुन्हा आवळला जातो. ओल बसलेलं पॅनेल दुकानात दोन दिवस सुकतं. शिवाय नवी आयसी जरा कमी पातळीला उडी घेणारी निघाली, तर काही आठवडे निभावतं. या सगळ्यांचं श्रेय आयसीला मिळतं. पडताळा सोपा आहे: बिघडलेलं पॅनेल आणि साखळीतलं दुसरं चांगलं पॅनेल यांच्या जागांची अदलाबदल करा. दोष पॅनेलबरोबर गेला तर पॅनेलमध्ये खोट आहे. दोष त्याच जागी राहिला तर तार, कनेक्टर किंवा पुरवठा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं आणि हॉट एअर गन बाहेर काढावी लागत नाही. आयसी खरोखर मेलेली असू शकते, वीज कोसळल्यावर तर हमखास. पण ते सिद्ध करून मग बदलावी.

एसएमपीएसचं आयुष्य उन्हावर ठरतं, आणि पिरंगुट-हिंजवडीकडच्या एप्रिल-मेमधल्या तक्रारींचं मूळ बहुधा इथं सापडतं. काळ्या पत्र्याच्या पेटीवर दुपारचं ऊन पडलं की आतलं तापमान सहज ६० अंशांच्या पुढे जातं. बहुतेक एसएमपीएसच्या पत्रकात ५० अंशांपुढे भार कमी करत जाण्याची उतरती रेषा छापलेली असते. ती कुणी वाचत नाही. म्हणून २०० वॉटचा, ५ व्होल्ट ४० अँपिअरचा एसएमपीएस बाहेरच्या बोर्डात ६० टक्क्यांवर चालवा, म्हणजे २४ अँपिअर. वरच्या हिशेबानं सहा पॅनेलं, आठ-दहा नकोत. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास लिहिलेला कपॅसिटर ८५ अंशांना ८,००० तास चालेल, ६५ अंशांना ३२,०००. रोज १२ तास बोर्ड चालवला तर पहिला पावणेदोन-दोन वर्षांत थकतो, दुसरा सात वर्षं टिकतो. थकलेला कपॅसिटर एकदम मरत नाही. तो व्होल्टेज गुळगुळीत करायचं काम सोडत जातो. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा ५.०० दिसतो आणि बोर्ड तरी लुकलुकतो. अशा वेळी मीटर एसीवर ठेवून त्याच दोन टोकांना मोजा. काहीशे मिलिव्होल्ट दिसले तर एसएमपीएस संशयित समजा. मीटर जलद लहरी पूर्ण पकडत नाही, म्हणून आकडा कमी आला तरी खात्री धरू नये. ऑसिलोस्कोप मिळाला तर शंकाच राहत नाही. पेटी पांढरी रंगवा, वर छज्जा काढा, एसएमपीएस खाली आणि जाळीजवळ बसवा. पंखा लावायचा तर वर्षाला तो साफ करणारा माणूसही ठरवा, नाहीतर धुळीनं अडलेला पंखा नसण्यापेक्षा वाईट.

आता बाहेरून येणारी वीज. मुळशीच्या धरणाचं पाणी टाटांच्या भिरा केंद्रात १९२७ पासून वीज करतं, पण त्याच तालुक्यातल्या डोंगराळ वाड्यांना वीज झाडीतून जाणाऱ्या उघड्या तारांवरून मिळते. वळवाच्या वाऱ्यात ती जाते-येते हे ओघानंच आलं. त्यावर स्टॅबिलायझर हा लोकप्रिय इलाज. मला तो इथं फारसा पटत नाही. नियमाप्रमाणे २३० व्होल्टमध्ये ६ टक्के वरखाली होणं अपेक्षित आहे, आणि साधा एसएमपीएस याहून कितीतरी मोठी घसरण झेलतो, तेच त्याचं काम आहे. खरे शत्रू दुसरे तीन आहेत. पहिला, वीज लगोलग जाऊन परत येणं. एसएमपीएस सुरू होताना उसळणारा प्रवाह एक थर्मिस्टर अडवतो. तो गार असतानाच अडवू शकतो. काही सेकंदांत वीज परतली की तापलेला थर्मिस्टर दार उघडं ठेवतो आणि फ्यूज किंवा रेक्टिफायर जातो. यासाठी ऑन-डिले टायमर लावा, एक-दोन मिनिटं वाट पाहून जोडणारा. दुसरा, न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या लायनीत ते झालं की तुमच्या सिंगल फेजवर ४०० व्होल्टच्या जवळ काहीतरी येऊ शकतं. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षक उपकरण हवं. तिसरा, विजांचा कडकडाट. मे आणि परतीच्या पावसाचा ऑक्टोबर हे त्याचे महिने. त्यासाठी टाइप-२ एसपीडी, म्हणजे विजेची उसळी जमिनीत वळवणारं उपकरण, आणि ५ ओहमच्या आतलं अर्थिंग ही जोडी लागते. अर्थिंगशिवाय एसपीडी म्हणजे सांडव्याशिवाय धरण. पाणी जायचं कुठं? आणि एक बारीकशी पण घातक गोष्ट: अनेक स्वस्त एसएमपीएसवर ११०-२२० चा सरकता स्विच असतो. बसवताना तो २२० वर आहे का, हे डोळ्यांनी पाहा.

कार्यालयातून बोर्डापर्यंत लांब डेटा केबल गेली असेल तर तिच्याकडेही याच नजरेनं पाहायला हवं. दोन इमारतींचं अर्थिंग एकाच पातळीवर असतंच असं नाही, आणि जवळपास वीज कोसळली की तो फरक केबलमधून कंट्रोलरवर येतो. विलग केलेला आरएस-४८५, फायबर, किंवा सरळ वायफाय-मोबाइलवरचा कंट्रोलर, यातलं काहीही चालेल. कंट्रोलर अधूनमधून थिजतो अशी तक्रार असेल तर त्याला पॅनेलांच्या एसएमपीएसवर टांगू नका. स्वतंत्र छोटा पुरवठा द्या, निगेटिव्ह तेवढा एकत्र ठेवा. पडदा एकदम पेटल्यावर व्होल्टेजला बसणारा गचका मग त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पावसाबद्दल बहुतेकांची समजूत अशी की पेटी घट्ट बंद केली की काम झालं. ताम्हिणीच्या बाजूला हीच समजूत सर्वाधिक पॅनेलं खाते. बाहेरच्या वापराच्या पॅनेलचं तोंड सिलिकॉननं भरलेलं असतं, पाठ उघडी असते. पेटी कितीही घट्ट केली तरी दिवसा तापलेली हवा बाहेर पडते आणि रात्री गार होताना दमट हवा आत ओढली जाते. पहाटे तिचं दव सर्किटवर बसतं. दव, धूळ आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सचा उरलेला थर एकत्र आले की शेजारच्या दोन पायांमधून वीज झिरपते, आणि काही महिन्यांत तिथं धातूचे केसासारखे तंतू उगवतात. एखादी ओळ कायम पेटलेली राहणं, बंद एलईडी अंधूक दिसणं, ही त्याची लक्षणं. अशा पॅनेलवरची आयसी बदलली तरी तंतू पुन्हा उगवतात. म्हणून पेटी श्वास घेणारी ठेवा: तळाला जाळीदार भोकं, वरून आणि बाजूंनी बंद, केबल खालून ग्लँडमधून आणि आत शिरण्याआधी तिला एक झोळ, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न येता झोळाच्या तळाशी गळेल. नवं पॅनेल बसवण्याआधी पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन, पूर्ण वाळवून, ॲक्रिलिक संरक्षक थराचा फवारा मारा. कनेक्टरच्या पिनांवर मात्र कागदी टेप लावा. पिनांना सिलिकॉन ग्रीस चालतं. पावसाळ्यात बोर्ड रात्री पूर्ण बंद करण्याची सवय सोडा. वीज वाचते खरी, पण मंद तेजावर चालू राहिलेलं सर्किट स्वतःच्या उबेनं कोरडं राहतं. बरेच दिवस बंद राहिलेला बोर्ड सुरू करताना पहिला तासभर कमी तेजावर ठेवावा आणि मग वाढवावं.

एवढं सगळं ठीक असूनही दोष राहिला, तर तो खरा ड्रायव्हिंगचा दोष. लांब साखळीत शेवटची अक्षरं एका एलईडीनं सरकलेली दिसत असतील, तर प्रत्येक पॅनेलमधून जाताना क्लॉक आणि डेटा यांच्यात थोडा-थोडा फरक साचत गेला आहे. कंट्रोलरमधली क्लॉकची गती कमी करा, किंवा साखळी तोडून दोन वेगळ्या पोर्टांवर घ्या. पेटलेल्या ओळीच्या वर किंवा खाली अंधूक सावली पडत असेल, तर आधीचा गट विझायच्या आत पुढचा पेटतो आहे. दोन गटांमधला अंधाराचा काळ सेटिंगमध्ये वाढवा. थोडं तेज कमी होईल, तेवढं सोसावं. रंगीत पॅनेल नवंच घेत असाल तर गट बदलताना तारेवरचा उरलेला भार काढून टाकणारी ड्रायव्हर आयसी आहे का, हे विचारून घ्या. हिंजवडीच्या कार्यालयांतल्या एलसीडी भिंतींबद्दल एवढंच: त्यांच्या ड्रायव्हर चिपा काचेला चिकटलेल्या फिल्मवर असतात, त्यांना हात लावायच्या फंदात पडू नका; हवा खेळती ठेवा, पुरवठा तपासा, बाकी पॅनेल बदलण्याचं काम.

शेवटचा आक्षेप पैशाचा. ‘स्वस्तातल्या बोर्डाला एवढा खटाटोप कोण करणार?’ घरच्या दुकानापुरता बोर्ड असेल तर हा आक्षेप काही अंशी मान्य. जाड तार, एचसीटी आयसी आणि तळाची भोकं एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पण ग्रामपंचायत, शाळा किंवा देवस्थानाच्या बोर्डाला शिडी, माणूस, ये-जा आणि बंद पडलेले दिवस यांचा खर्च धरला, तर दर मोसमातली एक दुरुस्तीच तारेपेक्षा महाग पडते. काम करताना दोन गोष्टी विसरू नका: एसएमपीएसच्या आत मेन बंद केल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर साठलेले असतात, आणि शिडी उघड्या तारांपासून लांब लावायची असते.

नवा बोर्ड घेत असाल तर वर्क ऑर्डरमध्ये या ओळी घाला: पूर्ण पेटलेल्या स्थितीत शेवटच्या पॅनेलच्या पिनांवर किमान ४.६ व्होल्ट, एसएमपीएसवर ६० टक्क्यांहून अधिक भार नाही, पॉवरची तार किमान ४ चौरस मिलिमीटर, प्रत्येक दोन-तीन पॅनेलांना एसएमपीएसपासून स्वतंत्र, पॅनेलच्या पाठीला संरक्षक थर, टाइप-२ एसपीडी, ऑन-डिले आणि अर्थिंगचा मोजलेला आकडा. बसवून झाल्यावर हे आकडे तुमच्यासमोर मोजून घ्या, पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करनं लिहून ठेवा, आणि मगच बिल मंजूर करा.